उसनी लेखणी

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून पुढे करण्याची खोड फार जुनी आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण यांचा ऊहापोह करण्यासाठी तीन अध्याय खर्ची घातले. त्यात ‘प्रतिबिंबकल्प’ नावाचा एक प्रकार त्याने सांगितला आहे. अर्थ सगळा दुसऱ्याचा, फक्त शब्दांची मांडणी निराळी, असे जे काव्य ते प्रतिबिंबकल्प. असे लेखन कवीचे कवित्वच हिरावून घेते, म्हणून ते सर्वथा वर्ज्य करावे, असा त्याचा अभिप्राय आहे. आज शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांपुढे जो प्रश्न येऊन ठाकला आहे, त्याचे मर्म या अभिप्रायात सापडते. नक्कल करणारा विद्यार्थी दुसऱ्याचे काय घेतो याची चर्चा पुष्कळ होते. तो स्वतःचे काय गमावतो याची मात्र फारशी होत नाही.

पूर्वीच्या वाङ्मयचौर्यात मालाला एक धनी असे. गाइडातील निबंध, ग्रंथालयातील पुस्तक, थोरल्या भावाची वही किंवा इंटरनेटवरील एखादा लेख, यांपैकी कोठून तरी मजकूर उचललेला असे आणि चौकस शिक्षकाला मूळ सापडले की प्रकरण मिटे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले आणि ही स्थिती पालटली. हे यंत्र प्रचंड लेखनसंग्रहाच्या अभ्यासावरून, अमुक शब्दांमागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा हिशेब करते आणि एकेक शब्दखंड जोडीत मजकूर रचते. तोच प्रश्न दोघांनी विचारला, तर दोघांच्या पदरात निरनिराळी वाक्ये पडतात. आणि ती सामान्यतः कोणत्याही पुस्तकात जशीच्या तशी नसतात. मुद्देमाल समोर आहे, पण तो कोणाच्या घरचा हे सांगता येत नाही, अशी ही चोरी आहे.

आपल्याकडील नियम जुन्या चोरीला धरून केलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाचे इतर लेखनाशी असलेले साम्य टक्क्यांनी मोजण्याची तरतूद आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध सुधारून पुन्हा द्यावयाचा. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर तो सादर करण्यास मनाई. आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द. यंत्राने नव्याने रचलेला मजकूर या मोजपट्टीखालून अगदी सुखरूप निसटतो.

मग यंत्राचे लेखन ओळखण्यासाठी दुसरे यंत्र लावावे, हा विचार सहजच सुचतो. अशी शोधक यंत्रे निघालीही. ज्या लेखनातील पुढचा शब्द सहज तर्काने ओळखता येतो आणि ज्याची वाक्ये एकाच घाटाची असतात, ते यंत्राचे असावे, असा त्यांतील अनेकांचा ठोकताळा असतो. हा ठोकताळा किती भरवशाचा? खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे एक शोधक यंत्र प्रसिद्ध केले. कंपनीच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी अवघा २६ टक्के त्याने ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के यंत्राच्या नावावर घातला. अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षीच्या जुलैत कंपनीने ते मागे घेतले. नंतरची काही यंत्रे याहून सरस आहेत हे खरे; परंतु निर्दोष असे एकही नाही.

या दोषाचा भार कोणावर पडतो, हे आपण विशेष ध्यानात घेतले पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सात शोधक यंत्रांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नव्हे अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या यंत्रांपुढे ठेवले. हे सर्व निबंध माणसांनी लिहिलेले असताना यंत्रांनी सरासरीने ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरविले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांच्या निबंधांबाबत मात्र त्यांचा निर्णय जवळजवळ अचूक होता. कारण सरळ आहे. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी मोजके, ठरावीक शब्द वापरतो, सावधपणे साधी वाक्ये रचतो, आणि हाच साधेपणा यंत्राला संशयास्पद वाटतो. घरी मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशी कसरत करणारा बेळगावचा, इंदूरचा किंवा बडोद्याचा विद्यार्थी हुबेहूब याच वर्गात मोडतो. प्रामाणिकपणे घासून लिहिलेल्या निबंधाबद्दल त्यालाच चोर ठरविले गेले, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होईल.

दोषाचे प्रमाण लहान असले म्हणून निश्चिंत राहता येत नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने याचा साधा हिशेब मांडला. २०२२ मध्ये तेथून ७५,००० निबंध टर्निटिन या प्रणालीकडे तपासणीसाठी गेले होते. त्या प्रणालीचा शोधक शंभरात एकच चूक करतो असे धरले, तरी ७५० निबंधांवर खोटा आळ आला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यापीठाने तो शोधक बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. याहूनही विपरीत प्रकार त्याच वर्षी मे महिन्यात टेक्सासमधील एका विद्यापीठात घडला. एका अध्यापकाने विद्यार्थ्यांचे लेखन चॅटजीपीटीलाच दाखवून ‘हे तूच लिहिलेस काय?’ असे विचारले आणि यंत्राच्या होकारावरून गुण रोखून धरले. वस्तुतः आपण पूर्वी कोणाला काय लिहून दिले, याची अशी नोंदवही त्या यंत्रापाशी नसते. ते केवळ संभवनीय दिसणारे उत्तर देते.

तेव्हा शिक्षकाने करावे काय? पहिली गोष्ट ही की, केवळ यंत्राच्या साक्षीवरून कोणावरही आरोप ठेवू नये. संशय आल्यास विद्यार्थ्याला बाजूला बोलावून दहा मिनिटे शांतपणे बोलावे. हा मुद्दा कोठे वाचलास, हा शब्द येथे का योजलास, हा परिच्छेद गाळला तर काय बिघडेल, असे प्रश्न पुरेसे असतात. ज्याने लिहिले तो अडखळत का होईना, पण आपल्या लेखनाच्या वाटा सांगू शकतो. तथापि एखादा बुजरा मुलगा केवळ भीतीने गप्प बसेल, हेही विसरू नये; त्याला पुन्हा एकदा संधी द्यावी. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी असे बोलणे अशक्य आहे. तेथे प्रत्येक निबंधानंतर चिठ्ठ्या टाकून पाच-सहा जणांना बोलवावे आणि हे आधीच जाहीर करावे. असे केल्याने कोणा एकाकडे बोट दाखविले जात नाही आणि तयारी मात्र सर्वांनाच करावी लागते.

दुसरी गोष्ट नियमांची. ‘यंत्र वापरू नका’ एवढेच सांगून भागत नाही. शुद्धलेखन तपासणे, मुद्दे सुचवून घेणे, इंग्रजी वाक्य सुधारून घेणे आणि सगळा निबंधच लिहवून घेणे, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक कामाच्या वेळी यांतील काय चालेल आणि काय चालणार नाही, हे फळ्यावर लिहून द्यावे. जे चालेल त्याचा उल्लेख निबंधाखाली करावयास सांगावा. लहान मुलांच्या बाबतीत अधिक जपावे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गातील अशा वापरासाठी किमान वय १३ असावे असे सुचविले आहे. आणि जो शिक्षक स्वतः प्रश्नपत्रिका किंवा शेरे यंत्राकडून तयार करवून घेतो, त्यानेही ते उघडपणे सांगावे, म्हणजे त्याच्या शब्दाला वजन राहील.

तिसरी गोष्ट परीक्षेच्या रचनेची. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने २०२३ मध्ये एक द्विमार्गी पद्धत मांडली. एका मार्गावरील परीक्षा शिक्षकाच्या डोळ्यांदेखत, तोंडी किंवा वर्गात लेखी होतात. विद्यार्थ्याला स्वतःला काय येते हे तेथे कळते. दुसऱ्या मार्गावर यंत्राचा वापर खुला असतो आणि तो जाणतेपणाने कसा करावा हे शिकविले जाते. आपल्याकडेही गुण देण्याचे लेखन वर्गात आणि सरावाचे घरी, एवढी विभागणी करण्यास कोणाची आडकाठी नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध यंत्र क्षणात लिहून देते. त्याऐवजी आपल्या पेठेतील जुन्या दुकानदाराला भेटून दुकानाची हकीकत लिहा, भेटीची टिपणे आणि पहिला कच्चा खर्डा जोडा, असे सांगितले तर विद्यार्थ्याला घराबाहेर पडावे लागते. यंत्र अशी भेटही कल्पनेने रचू शकते. म्हणून टिपणे पाहावीत आणि वर सांगितलेले प्रश्न विचारावेत. दिलेले संदर्भही तपासावेत. यंत्र अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे बेलाशक देते. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी असेच बनावट निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला.

राहता राहिला शिक्षेचा प्रश्न. प्रथमच चूक करणाऱ्या मुलाला तेच काम आपल्या देखरेखीखाली पुन्हा करावयास लावणे, हीच उत्तम शिक्षा होय. कारण जे शिकणे त्याने टाळले, तेच त्यामुळे घडते. वारंवार तसे होऊ लागल्यास प्रकरण समितीपुढे न्यावे, पण तेथेही विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय होऊ नये. नक्कल करणारे सगळेच आळशी नसतात. कोणाला वेळ पुरलेला नसतो, कोणाला विषय समजलेला नसतो, कोणाला आपल्या मोडक्या वाक्यांची लाज वाटत असते. या तिघांना एकच औषध लागू पडणार नाही.

निबंध लिहावयास सांगतो तो शिक्षकाला निबंधांची वाण आहे म्हणून नव्हे. शब्द शोधताना विचार सापडतो, खोडताना तो स्वच्छ होतो आणि दुसऱ्याला समजेल असे मांडताना आपल्याला काय समजले नाही हे उमगते. ही खटपट यंत्रावर सोपविली, तर वही भरते आणि मुलगा रिकामा राहतो. म्हणून मुलाच्या चार वेड्यावाकड्या ओळींना शिक्षकाने दोन आपुलकीच्या शेऱ्यांनी दाद द्यावी. आपले स्वतःचे लेखन कोणी मनापासून वाचते आहे अशी ज्या मुलाची खात्री पटली, त्याला उसन्या लेखणीची ओढ कमी वाटेल.