छातीतला ‘गॅस’ आणि चढावरची कळ

छातीत भरून आले की पहिले निदान घरातच होते : पित्त चढले, गॅस धरला. मग ओवा, सोडा, एखादी गोळी. हे निदान पुष्कळदा बरोबरही ठरते, कारण छातीत दुखणाऱ्या बहुतेकांचे हृदय ठणठणीत असते. दुखणे स्नायूंचे, बरगड्यांच्या कूर्चेचे, अन्ननलिकेतल्या आम्लाचे किंवा घबराटीचे असू शकते. मग बिघडते कुठे? आपण दुखणे तोलतो त्याच्या तीव्रतेवर. असह्य कळ म्हणजे हृदय आणि थोडे जड वाटले तर पित्त, हा हिशेबच चुकीचा आहे. दुखणे केव्हा येते आणि केव्हा थांबते, हे आधी पाहायला हवे.

ही खूण नवी नाही. इंग्लंडमधील वैद्य विल्यम हेबरडन यांनी १७६८ मध्ये ती मांडली, १७७२ मध्ये ती छापून आली. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळली जाते. थांबले की त्रास जातो. त्याचे मूळ हृदयाच्या रोहिण्यांत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. महारोहिणीतून निघणाऱ्या दोन रोहिण्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवतात. त्यांच्या भिंतीत मेदाचा थर वर्षानुवर्षे साचतो. सुमारे ७० टक्के वाट बुजेपर्यंत बहुधा काही जाणवत नाही. पुढे श्रमात वाढलेली रक्ताची मागणी पुरी होत नाही आणि स्नायू तक्रार करतो. हृदयाच्या संवेदना मज्जारज्जूत हात, जबडा आणि वरच्या पोटाच्या संवेदनांसोबत पोहोचतात, म्हणून मेंदूला नेमकी जागा कळत नाही. पित्ताचा भास होतो तो याचमुळे.

‘पण सोडा घेतल्यावर बरे वाटले ना!’ असे कोणी म्हणेल. सोडा घेताना माणूस बसलेला असतो. श्रमाने आलेली कळ विश्रांतीने काही मिनिटांत ओसरतेच. श्रेय मात्र सोड्याला मिळते. दुसरा आक्षेप : ‘ईसीजी नॉर्मल होता.’ हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन तपासतात. तेही वाढायला वेळ लागतो. गेल्या वर्षीची स्ट्रेस टेस्ट चांगली होती, यावरही विसंबू नये. निम्म्याहून कमी अडथळा असलेल्या जागीसुद्धा मेदाच्या थराचे पातळ आवरण फाटते, त्यावर गुठळी धरते आणि रोहिणी एकाएकी बंद होते.

मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये कधी छाती दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून जायला होते. घरातल्या बाईची अशी तक्रार थकव्यावर ढकलली जाते, हे मला सर्वांत घातक वाटते. वयाचा दिलासाही पोकळ आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी आलेला दिसला.

जिना चढताना छाती आवळत असेल, तर थांबल्यावर बरे वाटले तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. बसल्या जागी छाती दडपली, दरदरून घाम फुटला, तर ढेकर येण्याची वाट पाहू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ ला फोन करा. बंद रोहिणीपुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही.