घरातली पहिली इंजिनिअर

मैत्रिणींनो, आपल्या घरातलं मूल बारावीला असलं की फॉर्म कसा भरायचा, कोणती ब्रँच घ्यायची, हे सांगायला कुणी ना कुणी असतंच. एखादा काका असतो, मामेभाऊ असतो, नाहीतर शेजारच्या बिल्डिंगमधले साहेब असतात. पण ज्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, त्या घरातली मुलगी ‘मला इंजिनिअर व्हायचंय’ म्हणाली, तर तिनं कुणाला विचारायचं?

तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या दारात आला. मोहोपाड्याच्या बाजारात करवंदं, रानभाजी घेऊन बसणाऱ्या एक ठाकर मावशी आहेत. एका दुपारी त्या घरी आल्या, पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “बाई, पोरगी इंजिनेर व्हायचं म्हणतेय. किती पैसं लागतील?” मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. इंजिनिअरिंगचं मला काय कळणार! पण मावशींच्या लेखी मी शिकलेली बाई. “बघते हं मावशी,” असं म्हणून गेले, आणि या विषयात कायमची अडकले.

रसायनीत राहून हा विषय दूरचा वाटावा, हेच खरं तर नवल. आमच्या गावाच्या नावातच रसायन आहे. हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना इथं उभा राहिला. माझे सासरे त्याच कारखान्यात होते. कॉलनीत देशभरातले इंजिनिअर राहायचे आणि त्यांची मुलंही इंजिनिअर व्हायची. पलीकडच्या आगरी गावांतले आणि ठाकर-कातकरी वाड्यांवरचे लोक मात्र बहुतेक हेल्पर म्हणून, नाहीतर कंत्राटावर कामाला यायचे. २०१७ साली केंद्र सरकारनं इथले बहुतेक प्लँट बंद करायचं ठरवलं आणि रॉकेटसाठी लागणारं रसायन तयार करणारा प्लँट इस्रोकडे गेला. म्हणजे रॉकेटला लागणारी वस्तू आमच्या गावात तयार होते, पण तिथून चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीत कॉलेजचा फॉर्म भरून देणारं कुणी नाही!

आधी कागद, मग कॉलेज

मावशींच्या मुलीला मार्क चांगले होते. एमएचटी-सीईटीही तिनं बरी दिली होती. अडलं ते कागदांवर. राखीव जागेसाठी जमातीचा दाखला लागतो आणि त्या दाखल्याची पडताळणी झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आता मला सांगा, जे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? मावशी तर म्हणाल्या, “आमचा म्हातारा कुठं जल्मला त्येच म्हाईत नाय.” शेवटी कुणीतरी सुचवलं, की गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, बघा. चार हेलपाटे झाले, तेव्हा कुठे मुलीच्या पणजोबांची नोंद सापडली आणि तिच्यापुढे ‘ठाकर’ असं लिहिलेलं होतं. त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं. हे काम निकालानंतर काढलं असतं, तर ते वर्ष वाया गेलं असतं. मुलीनं अकरावीतच आपल्या सरांच्या सांगण्यावरून अर्ज करून ठेवला होता, म्हणून निभावलं.

‘जडत्व’ कळलं, ‘इनर्शिया’ अडलं

ॲडमिशन झालं तेव्हा मावशींनी वाडीत साखर वाटली. मलाही वाटलं, चला, सुटलो. पण अवघड गोष्ट पुढेच होती.

मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. अकरावीला सायन्स घेतलं आणि कालपर्यंतचं ‘जडत्व’ एकदम ‘इनर्शिया’ झालं, ‘त्वरण’ ‘ॲक्सिलरेशन’ झालं. दोन वर्षं तिनं पाठांतरावर रेटली. इंजिनिअरिंगला पाठांतर पुरत नाही. तिथं सर बोलत जातात, फळा भरत जातो आणि शेवटी तोंडी परीक्षा असते. ती मला म्हणाली, “मॅडम, व्हायव्हात प्रश्न कळतो, उत्तरही येतं. पण ते मनात मराठीत तयार होतं, त्याचं इंग्रजी होईपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळलेले असतात.”

शिवाय कुणाला विचारायची चोरी. वर्गातली मुलं ड्राफ्टर, लॅपटॉप घेऊन आलेली. हिला ड्रॉइंगची शीट कशी लावायची इथपासून सुरुवात. विचारलं तर हसतील आणि वर ‘कोट्यातून आली’ असं कुणीतरी कुजबुजेल, ही भीती. तसं एकदा ती ऐकूनही आली होती. त्या दिवसापासून ती शेवटच्या बाकावर बसायला लागली.

पहिल्या सेमिस्टरला एम-वन म्हणजे गणित आणि मेकॅनिक्स, दोन्हीत केटी लागली. आणि इथं माझं चुकलं, ते प्रामाणिकपणे सांगते. मी तिला म्हटलं, “तुझं इंग्रजी कच्चं आहे, आधी ते सुधार. घरी बसून जास्त अभ्यास कर.” ती मान हलवून गेली. महिन्याभरानं मावशी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “पोरगी कंपनीत पॅकिंगला जातेय. कालेज नको म्हणते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिला जास्त अभ्यास करायला सांगितलं होतं. तो तर ती करतच होती, पहाटे चारला उठून, एकटी.

सातासमुद्रापलीकडे हेच!

पुढे वाचनात आलं, की हे दुखणं एकट्या आमच्या वाडीचं नाही. अमेरिकेत मेक्सिको, पोर्टो रिको वगैरे भागांतून आलेल्या कुटुंबांना लॅटिनो म्हणतात. घरात स्पॅनिश बोलायची, कॉलेजात इंग्रजी. आईवडील शेतात, हॉटेलात, बांधकामावर. मूल घरातलं पहिलंच कॉलेजला गेलेलं, आणि तरी धाकट्या भावंडांचं, घरखर्चाचं बघायचं ते त्यानंच. वर्गात आपल्यासारखं दुसरं कुणी नाही म्हणून गप्प बसायचं. वाचताना मला सारखी मावशींची मुलगीच दिसत होती.

तिथं बर्कली विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाच्या गणिताच्या शिक्षकानं १९७० च्या दशकात एक गोष्ट केली. काळ्या वर्णाची हुशार मुलं गणितात नापास का होतात आणि चिनी घरांतली मुलं पुढे का जातात, हे त्यानं मुलांच्या मागे फिरून पाहिलं. सगळ्यांचा समज असा, की नापास होणाऱ्यांना आवड नसेल, नाहीतर घरून पाठिंबा नसेल. तसं काही निघालं नाही. ती मुलं मेहनत करत होती, पण एकेकटी. चिनी मुलं संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, कुठं अडलं ते बोलत. मग ट्राइसमननं अवघड गणितं देऊन मुलांना गटागटानं बसवलं. पुढे लॅटिनो मुलांनाही अशा गटांत घेतलं, आणि निकाल पालटला. लॉस एंजल्स महापालिकेच्या नोकरीतल्या काही लॅटिनो इंजिनिअरांनी तर १९७४ साली आपली संघटनाच काढली, मागून येणाऱ्या पोरांना हात द्यायला.

हे वाचलं आणि मला माझी चूक कळली. तिला शिकवणीपेक्षा सोबत हवी होती.

ओट्यावरचा अभ्यास

मी वाडीवर गेले. मुलगी नजर चुकवत होती. मी म्हटलं, “पॅकिंगला जा हवं तर, पण संध्याकाळी सात ते नऊ आमच्या ओट्यावर ये. एकटी नाही, अजून पोरं आहेत.” खरं म्हणजे तेव्हा अजून कुणीच नव्हतं! मग शोधायला लागले. जवळच्या गावातला एक आगरी मुलगा मिळाला. तो दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेला होता. मशीन हाताळण्यात पटाईत, पण गणितात हिच्यासारखाच अडलेला. आणखी एक मुलगी आली आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा एक कातकरी मुलगाही आला.

मी काय करायचे? चहा! आणि एक नियम घालून दिला, की अडलेलं मोठ्यानं सांगायचं, मराठीत सांगितलं तरी चालेल. मी समोर बसून म्हणायचे, “मला बी.ए. वालीला समजेल असं सांगा बघू.” मला समजावता समजावता त्यांचं त्यांनाच समजायचं. मग तेच इंग्रजीत म्हणून बघायचं. एक वही केली, डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी.

मुलीनं मेकॅनिक्स सोडवला. एम-वनला आणखी एकदा बसावं लागलं, पण सुटला. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. “माझं नाव लिहू नका,” म्हणाली, म्हणून लिहीत नाही.

पण सगळं गोडच झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो कातकरी मुलगा दिवाळीनंतर यायचा थांबला. आईवडील वीटभट्टीवर गेले होते आणि धाकट्या दोघांना कुणाजवळ ठेवायचं म्हणून तोही गेला. मी निरोप पाठवले, दोनदा भट्टीवरही जाऊन आले. तो हसून म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू, मॅडम.” ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. त्याच्या वहीत त्यानं काढलेली गिअरची आकृती अजून माझ्या कपाटात आहे.

तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल तर

● दहावी झाली की एक प्लॅस्टिकची फाइल करा. शाळेचे दाखले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा, अधिवासाचा असे सगळे कागद आणि त्यांच्या झेरॉक्स तिच्यात. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच टाका. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी झालेली असेल, तर ती आधी शोधा.

● पैशासाठी मुलगी घरी बसवू नका. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फी-सवलत आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि जमातीसाठी स्वयम् या योजना आहेत. २०२४-२५ पासून इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मात्र पैसे उशिरा येऊ शकतात. प्रवास, पुस्तकं, ड्राफ्टर यांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवाच.

● बारावी सायन्सच परवडेल असं नाही. दहावीनंतरचा डिप्लोमाही चांगला. तीन वर्षांनी हातात काहीतरी असतं आणि पुढे पदवीची वाटही बंद होत नाही.

● मराठीतून शिकलेली म्हणून कमी समजू नका. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकाची पदवी मराठीतून सुरू झाली, हे मुलांना जरूर सांगा. आपल्या भाषेत इंजिनिअरिंग बसत नाही, हा समज तरी जाईल.

● केटी लागली तर ‘सोडून दे’ म्हणू नका, आणि माझ्यासारखं ‘जास्त अभ्यास कर’ एवढंच म्हणूनही थांबू नका. “कुणाबरोबर बसतेस?” हे विचारा.

● आणि आईंनो, संध्याकाळचे दोन तास तिला पाणी भरायला, पाहुण्यांना चहा द्यायला उठवू नका. मावशींनी हे केलं. “भाकऱ्या मी थापते, तू जा,” असं त्या रोज म्हणाल्या.

आपल्या देशात इंजिनिअर झालेल्या पहिल्या स्त्रियांत ए. ललिता यांचं नाव येतं. अठराव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी तान्ही मुलगी, आणि तरी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. त्यांची जिद्द मोठीच. पण त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. दार कुठं आहे आणि ते कसं उघडायचं, हे सांगणारं माणूस घरातच होतं. आमच्या वाडीतल्या मुलीकडे जिद्द तेवढीच आहे, फक्त ते माणूस नाही. ते माणूस व्हायला इंजिनिअर असावं लागत नाही. एक ओटा, एक बल्ब आणि चहाचं आधण पुरतं.

परवा मावशी पुन्हा आल्या होत्या. पाटीत करवंदं होती आणि मागे त्यांची भाची उभी होती. या वर्षी दहावी झालेली. मी आत जाऊन एक कोरी फाइल घेऊन आले.