वाटाण्याचा वेल आणि जुना सिनेमा

गेल्या कार्तिकातली गोष्ट. निफाड तालुक्यात आमचा धाकटा भाऊ वडिलोपार्जित शेती पाहतो. द्राक्षबागेची छाटणी होऊन महिना झाला होता. त्या आठवड्यात वीज रात्रीची होती, म्हणून पुतण्याला पंपावर पाठविले होते. पोरगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जातो. मध्यरात्री व्हॉल्व्ह फिरवून पाणी दुसऱ्या तुकड्याला सोडायचे, एवढेच काम. सकाळी भाऊ बागेत गेला तर एका तुकड्यात पाण्याची तळी साचलेली आणि दुसरा कोरडा ठणठणीत. पोरगा मोबाईलवर सिनेमा पाहत बसला होता. आणि सिनेमा तरी कोणता? शंभर वर्षांपूर्वीचा, मुका!

भावाचा संताप अनावर झाला. मला फोन आला, "दादा, तुम्ही साहेब आहात. गावोगावच्या लोकांना शहाणपण सांगता. जरा घरच्यालाही सांगा. बागेवर सोसायटीचं कर्ज आहे अन् हा मेलेल्या माणसांचे सिनेमे बघतोय."

मी गेलो तो कान उपटायच्याच तयारीने. रात्री त्याच्यासोबत पंपाच्या खोलीत बसलो. दोन शब्द बोलून झाल्यावर त्याने मान खाली घालून विचारले, "आप्पा, दादासाहेब फाळक्यांनी पहिल्यांदा कशाचं चित्रण केलं, माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, "राजा हरिश्चंद्राचं. शाळेतलं पोरही सांगेल."

"नाही. त्याच्या आधी वाटाण्याचं."

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना बी-बियाण्यांविषयी सांगत आलो, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

कुंडीतला वाटाणा

धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईत १९११ साली त्यांनी येशू ख्रिस्तावरचा एक परदेशी सिनेमा पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. त्या वेळी वय एकेचाळीस, हाती पैसा नाही, घरात लहान मुले. सिनेमे पाहून पाहून आणि जागरणे करून काही काळ डोळ्यांची दृष्टीसुद्धा गेली होती. तरी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते विलायतेला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेरा मागवला.

आता पुढचे भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण घेत राहिले. सारी चित्रे ओळीने पडद्यावर सोडली, तेव्हा बी फुगले, कोंब वर आला, पाने उघडली आणि ताणे आधार शोधत वेल वर चढला. महिनाभराची वाढ घटकाभरात डोळ्यांसमोर झाली. त्या पटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहूनच यशवंतराव नाडकर्णींसारखे स्नेही पैसे द्यायला तयार झाले.

बंधूंनो, वाटाण्याची डाळ मातीखालीच राहते आणि कोंब तेवढा वर येतो, हे आम्ही शिवारात बी उकरून दाखवतो. तरी मागच्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही. फाळक्यांनी अख्ख्या झाडाची वाढ खुर्चीत बसलेल्या माणसाला दाखविली. एका अर्थाने ते आमच्या विस्तार खात्याचे मूळपुरुषच म्हणायचे!

घरच्या बाईचा वाटा

पोरगा बोलू लागला आणि मी ऐकू लागलो. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. त्यांनी अंगावरचे दागिने मोडायला दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. दिवसा चित्रणाच्या वेळी ऊन परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडत. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे वेगळे सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव धन्याचे असते, पण निम्मे शिवार तिच्या हातावर उभे असते.

त्या काळी बायका सिनेमात काम करायला तयार नसत. म्हणून तारामतीची भूमिका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. पुढे 'लंकादहन' मध्ये, १९१७ साली, राम आणि सीता दोघेही तेच झाले. त्या पटाची मद्रासेत एवढी गर्दी झाली की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात.

'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि पुढचे पट इथेच काढू लागले. हिंदी सिनेमाची राजधानी मुंबई असे आपण म्हणतो, पण त्याचे बालपण नाशिकच्या ऊन-वाऱ्यात गेले.

पोराने मग मला 'कालिया मर्दन' दाखविला. १९१९ चा पट. कृष्ण झाली आहे फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. पट सुरू होताच आधी नुसता तिचा चेहरा दिसतो. ती हसते, रुसते, रागावते, आणि मग बघता बघता कृष्ण होते. आवाज नाही, रंग नाही. बाहेर मोटार घरघरत होती आणि आम्ही काका-पुतणे त्या पोरीकडे पाहत होतो. व्हॉल्व्ह फिरवायची वेळ झाली तेव्हा मात्र पोरगा आपणहून उठला. मीच बसून राहिलो होतो.

राहिले किती, गेले किती

फाळक्यांचे अखेरचे दिवस हालाखीचे गेले. बोलपट आला आणि मूकपट मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा पट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांनी देह ठेवला. 'राजा हरिश्चंद्र' चा काही भागच आज उरला आहे. 'आलम आरा', हा १९३१ चा आपला पहिला बोलपट, एकाही प्रतीच्या रूपाने शिल्लक नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्यात सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची कथा होती आणि तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पुढे १९३६ मध्ये त्याचा बोलपट निघाला, पण तो मूळ मूकपट काही आज बघायला मिळत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचे दुःख ज्या पडद्यावर पहिल्यांदा दिसले, तो पडदाच विरून गेला.

कसे गेले हे पट? काही जळाले, कारण जुनी नायट्रेटची फिल्म पेट्रोलसारखी भडकते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत असे अनेक मूळ पट गेले. काही दमट हवेत चिकटून गेले. आणि काही माणसांनी विकले, कारण फिल्मवरच्या थरात चांदी असते. फिल्म धुऊन चांदी काढायची, उरलेले भंगारात घालायचे.

हे ऐकताना मला मात्र आमच्या घरची कणगी आठवली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आईने बन्सी गव्हाचे बी राखेत घालून मडक्यात जपले होते. मी सुधारित बियाण्याचा प्रचार करणारा. माझ्याच घरात जुने बी? मी म्हणालो, "आई, उतारा कमी, तांबेराही पडतो. दळून टाक." तिने दळले. नव्या गव्हाने उत्पन्न वाढले, हे खोटे नाही. पण ओंजळभर जुने बी ठेवायला माझे काय जात होते? पुढे शेवया-कुरडयांसाठी तसला गहू मिळेना, तेव्हा आई काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला अजून लागते.

'कालिया मर्दन' आज दिसतो, कारण कोणीतरी असे ओंजळभर बी ठेवले. केरळात १९३३ साली जन्मलेले पी. के. नायर यांना पोरवयात सिनेमाचे एवढे वेड की सिनेमाची जुनी तिकिटेसुद्धा ते जपून ठेवत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे रुजू झाले. मग देशभर हिंडून त्यांनी हजारो पट गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबाकडून उरलेसुरले पट मिळविले, ते त्यांनीच. २०१६ मध्ये ते वारले. तिकिटे जमविणाऱ्या त्या पोराला घरच्यांनी वेड्यात काढून थांबविले असते, तर फाळक्यांच्या मंदाकिनीचे हसू माझ्या पुतण्याला दिसले नसते.

घरच्यांनी काय करावे

सकाळी भाऊ म्हणाला, "दादा, सांगितलं का नीट?"

मी म्हणालो, "सांगितलं. चूक त्याची आहे. व्हॉल्व्हचं काम त्याचं, ते चुकता कामा नये. मोबाईलात गजर लावायचं त्यानं कबूल केलं आहे. पण सिनेमा बंद कर म्हणून मी सांगितलं नाही."

भाऊ म्हणाला, "त्यानं पोट भरतं का?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. मी पोराला विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मला हिरो व्हायला मुंबईला पळायचं नाही, आप्पा. हे जपतात कसं, ते एकदा पुण्याला जाऊन बघायचंय." द्राक्षाचा हंगाम संपल्यावर मी त्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या संग्रहालयात नेणार आहे. भावाने होय म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही.

वाचकांनी एवढे करावे. पोरगा-पोरगी जुन्या सिनेमात रमत असेल, तर कामाची वेळ आणि छंदाची वेळ वेगळी आखून द्या, म्हणजे भांडण राहत नाही. अधूनमधून त्यांच्या शेजारी बसून पाहा. घरात जुनी छायाचित्रे, तंबूतल्या सिनेमाच्या किंवा तमाशाच्या जाहिराती असतील तर त्या भंगारात घालू नका. कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळा आणि छायाचित्रामागे शिसपेन्सिलीने नावे लिहा. कुणाच्या माळ्यावर जुन्या रिळांचे डबे निघाले, तर ते चुलीजवळ किंवा उन्हात मुळीच ठेवू नका, पेटवून पाहू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

एकादशीला आमच्या पडवीत टीव्हीवर 'संत तुकाराम' लावला होता, १९३६ चा. त्या काळी लोक बैलगाड्या जोडून तो पाहायला जात. आईला आता नीट दिसत नाही, पण विष्णुपंत पागनीसांचा आवाज ओळखून तिने हात जोडले. पुतण्या तिच्या पायाशी बसून पडद्यावर काय चालले आहे, ते हळू आवाजात सांगत होता. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मोटार चालू करायची वेळ झाली, तेव्हा तो पोराला म्हणाला, "बस तू. आज मी जातो."