कुलाब्याला जायचे, पण कोणत्या तिथीला?

खांबच्या गुरुजींनो, मुलांना कुलाबा किल्ला दाखवायचा, तर आधी पंचांग उघडा. शिवछत्रपतींनी १६८० साली बांधायला घेतलेल्या, अलिबागसमोरच्या या बेटावर ओहोटीला चालत जाता येते. आपल्या किनाऱ्याचा ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनला भरती. सहा तास आधी, सकाळी नऊला, ओहोटी. म्हणजे रोह्यावरून जायला पहाटेच निघणे आले. अष्टमीची ओहोटी बाराला, सोयीची वाटते खरी. पण तो भांग, पाणी पुरते हटतच नाही. पावसाळा तर वर्ज्यच. चतुर्थीला आठच्या सुमारास आत जावे, दहाच्या आत परतावे. तरीही किनाऱ्यावरच्या कोळीदादाला विचारूनच मुलांना पाण्यात उतरवा.