दुःखातल्या घराला नेमाचा आधार



भातावर करपा आला तर काय फवारायचं, हे आम्ही शेती खात्याची माणसं लगेच सांगतो. पण घरातलं माणूस अचानक गेलं तर काय सांगायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या हंगामात अशाच एका घरी गेलो होतो. तरणाताठा मुलगा गेलेला. पंचनामा झाला, तेरावा झाला, पाहुणे परतले. बाप बांधावर बसून, रान तसंच पडलेलं. मी पेरणीचं विचारलं. ते म्हणाले, "साहेब, तेराव्यानंतर या घरात आलेले तुम्हीच पहिले." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

अशा वेळी आपले मुंबई उपनगरातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव काय करतात, ते पाहण्यासारखं आहे. मुंबईचा आणि आपला काय संबंध, असं म्हणू नका. अंधेरी, मरोळ, कुर्ला, गोराई ही मुळात भातशेतीची गावं. माणसं मराठी बोलणारी, शेतकरी आणि कोळी. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी 1887 साली आपली संस्था काढली तेव्हा घेतलं.

1896 साली मुंबईत प्लेग आला. घरंच्या घरं ओस पडली. त्या काळात वस्त्यावस्त्यांतून लोकांनी क्रूस उभारले आणि त्यापुढे एकत्र प्रार्थना सुरू केली. प्लेग गेला, पण क्रूस राहिले. आजही मे महिन्यात संध्याकाळी गावठाणातली माणसं क्रूसाजवळ जमून जपमाळ म्हणतात.

या जपमाळेत एकच प्रार्थना दहा-दहा वेळा, अशी पाच वेळा म्हणायची असते. अर्धी एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत. इथे शब्द तयार असतात, शेजारी सुरुवात करतो आणि आपण नुसतं मागून म्हणायचं. बोटांना मणी असतात. मन लागत नसलं तरी हात कामाला लागतो. हे तुम्हा-आम्हाला कळण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. माणूस गेल्यावर दफनाची प्रार्थना होते, मग सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने त्याच्या नावाने मिस्सा होते. त्याशिवाय दरवर्षी 2 नोव्हेंबरला कबरी साफ करून त्यावर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. म्हणजे लोक पुन्हा पुन्हा त्या घराकडे वळतात. रडायलाही दिवस ठरलेला आणि उठून कामाला लागायलाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. बऱ्याच गावठाणांत आता शेतच उरलं नाही, तरी बाहेरून लोंब्या आणून सण करतात. दुःखातल्या घरालाही त्या दिवशी उंबरा ओलांडायला निमित्त मिळतं.

मरोळजवळच्या कोंडिविट्याचं उदाहरण घ्या. तिथलं चर्च 1579 सालचं. 1840 मध्ये साथ आली, गाव उठलं आणि लोक मरोळला गेले. पडकं चर्च आज अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत कुंपणाआड आहे. पण वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोक तिथे जाऊन उपासना करतात. जमीन गेली, छप्पर गेलं, नेम मात्र सुटला नाही.

आणखी एक. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी बरीचशी सरळ सरळ देवाकडे केलेली तक्रार आहे. "मला का विसरलास?" हा प्रश्न तिथे उपासनेतच विचारता येतो. "देवाची मर्जी" म्हणून आपण समोरच्याचं तोंड लगेच बंद करतो, तसं करू नये.

धर्म बदला असं मी मुळीच सांगत नाही. आपल्याकडे हरिपाठ आहे, एकादशी आहे, भजन आहे. महिना आणि वर्षश्राद्धही आहे. पण दुःखातल्या घराला त्यात ओढून आणायचं आपण विसरत चाललो आहोत. तेव्हा एवढं करा :

• गावात मृत्यू झाला की महिन्याची आणि वर्षाची तारीख लिहून ठेवा. ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांनीही डायरीत नोंद करावी आणि त्या दिवशी दहा मिनिटं जाऊन यावं.

• उपदेश करू नका. भजनाला, आरतीला सोबत घेऊन या. गप्प बसला तरी बसू द्या.

• उपासना हे औषध नव्हे. झोप उडाली, जेवण सुटलं किंवा मरणाची भाषा आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 वर रात्री-अपरात्रीही फोन करा, पैसे लागत नाहीत.

त्या बापाकडे मी महिन्याभराने पुन्हा गेलो. फार बोलणं झालं नाही, चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं, "हरभऱ्याचं बी कुठलं घेऊ?" मी बियाण्याचं नाव सांगितलं आणि वर्षाची तारीख डायरीत लिहून घेतली. त्या दिवशी मी जाणार आहे. तुमच्या गावातल्या अशा घराची तारीख तुम्हीही लिहून ठेवा.