रॅपवाल्यांना टाळ्या कशासाठी?

रॅप हा शब्द निघाला की घरातल्या मोठ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. ‘गाणं कसलं, नुसती बडबड’ हा पहिला शेरा आणि ‘त्या शिव्या कानाने ऐकवत नाहीत’ हा दुसरा. दुसऱ्या शेऱ्याशी मी बराचसा सहमत आहे. पहिल्याशी मुळीच नाही. कॉलेजात शाहिरी कविता शिकवण्यात इतकी वर्षे गेली. डफावर थाप मारून भराभर शब्द फेकणाऱ्या माणसाला ‘बडबडतो’ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आधी पत्ता सांगतो, म्हणजे हा माणूस कुठून बोलतो आहे ते कळेल. माझे गाव फोपनार, जिल्हा बुऱ्हाणपूर. राज्य मध्य प्रदेश, घरात मराठी, बाजारात हिंदी. गेल्या शतकात साठच्या दशकात इथे बुद्धाच्या कांस्यमूर्ती सापडल्या, त्यामुळे कलेच्या इतिहासात गावाचे नाव आहे. एरवी आम्ही केळीवाले. सासुरवाडी मात्र चिकोडीची. सासूबाई आता आमच्याकडेच असतात. त्यामुळे आमच्या पंगतीत कन्नडही वाढले जाते, आणि हे साप्ताहिक टपालाने आले की आधी त्यांच्या हातात जाते.

आमच्याकडच्या वरातीत हल्ली डीजेवर काय वाजते? आधी खानदेशी गाणी. ‘केसावर फुगे’ या अहिराणी गाण्याने तर खानदेशाबाहेरची लग्नेही गाजवली. मग पोरे ओरडतात, ‘एमसी स्टॅन लावा!’ तिकडे चिकोडीहून मेहुण्याचे व्हिडिओ येतात, त्यात रायबाग तालुक्यातल्या निपनाळच्या माळूचे ‘ना ड्रायव्हर’ वाजत असते. गावची बोली, ट्रॅक्टर-टेम्पोचा विषय आणि छातीत घुमणारा ठोका. हे काही हिप हॉप नव्हे, पण त्याचे चुलतभावंड नक्कीच. आपल्या बोलीची लाज न बाळगता ती स्पीकरवर लावणे, ही पहिली पायरी दोन्हीकडे ओलांडली गेली आहे.

हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत, जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर एकाच गाण्याचा ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. त्या ठेक्यावर कोणी नाचू लागले, कोणी बोलू लागले. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या वस्तीत ही कला वाढली. मला यात परके काही वाटत नाही. आपल्या शाहिरालाही एक डफ, एक तुणतुणे आणि दोन झीलकरी एवढ्यावरच गाव जागवावे लागे.

इथे दोन्ही भाषांच्या वाचकांसाठी एक गंमत. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ म्हणून सूर धरतात. उत्तर कर्नाटकातल्या गीगी पदात मागचे साथीदार ‘गी गी’ म्हणतात. वाद्ये तीच, उभे राहण्याची तऱ्हाही तीच. आपल्याकडे कलगी आणि तुरा असे दोन फड. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. तिकडे हरदेशी आणि नागेशी. हरदेशी पुरुषाची बाजू घेणार, नागेशी स्त्रीची. रात्रभर सवाल-जवाब, समोरच्याच्या शब्दात शब्द अडकवून त्याला निरुत्तर करायचे. कलगी-तुऱ्याची एक दंतकथा तर आमच्या मध्य प्रदेशातल्या चंदेरीची आहे. तिथल्या राजाने म्हणे तुकनगीर नावाच्या गोसाव्याला आपल्या मुकुटाचा तुरा दिला आणि शाह अली नावाच्या फकिराला कलगी. अमेरिकेतले रॅपर समोरासमोर उभे राहून एकमेकांची खिल्ली उडवतात, त्याला ते ‘बॅटल’ म्हणतात. आमच्या सासूबाईंनी नातवाच्या मोबाइलवर तसला एक व्हिडिओ पाहिला आणि विचारले, ‘यात नागेशी कुठला?’

तेव्हा ‘ही आपली संस्कृती नाही’ हे वाक्य आता पुरे करू या. प्रश्न वेगळा आहे. या पोरांपैकी कोणाला आपण डोक्यावर घेतो, आणि कशासाठी?

एमसी स्टॅनचेच बघा. खरे नाव अल्ताफ, पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला मुलगा. २०२० साली ‘तडीपार’ हा त्याचा अल्बम आला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तो हिंदी ‘बिग बॉस’चा सोळावा मोसम जिंकला, ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक मोटार घेऊन घरी गेला. दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे. स्टॅनने त्या घरात केले काय? बराच काळ तो कोपऱ्यात बसून होता, मध्येच ‘मला बाहेर जायचंय’ म्हणत होता. पण देशभर गाजले काय, तर त्याच्या गळ्यातली साखळी, ऐंशी हजारांचे बूट आणि ‘शेमडी’ हा शब्द. हा ‘शेमडी’ म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचा ‘शेंबडी’! पुण्याच्या वस्तीतून तो हिंदी टीव्हीवर गेला आणि दिल्ली-लखनौची पोरे तो बोलू लागली. मराठीचा मास्तर म्हणून मला गुदगुल्या झाल्या, हे लपवत नाही. कोणत्याही परिषदेच्या ठरावाने हे झाले नसते.

पण याच स्टॅनच्या कितीतरी गाण्यांत बाईचा उल्लेख आला की तोंडाची गटार होते. गरिबीत वाढलो म्हणून असे बोलतो, ही सबब मला पटत नाही. त्याच्यासारख्याच वस्त्यांत वाढलेल्या मुली तेच शब्द रोज रस्त्यावर झेलतात, त्यांना काय सांगणार? वस्तीचे दुःख तो सांगतो तेव्हा ऐकावेसे वाटते. बुटांची किंमत सांगतो तेव्हा तो मला जाहिरातवाला वाटतो.

‘बिग बॉस’ हा या कहाणीत सारखा आडवा येणारा वाडा आहे. कन्नड ‘बिग बॉस’चा पाचवा मोसम २०१८ च्या जानेवारीत चंदन शेट्टी या रॅपरने जिंकला, म्हणजे स्टॅनच्या पाच वर्षे आधी. मराठीत २०२४ च्या ऑक्टोबरात बारामतीकडच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला, रील करणारा गरीब घरचा पोरगा. कन्नडमध्ये २०२५ च्या जानेवारीत हावेरी जिल्ह्यातला, मेंढरे राखत गाणारा हनुमंत लमाणी. आता २०२५ मध्ये माळू निपनाळही त्या घरात जाऊन आला. खेड्यातली, वस्तीतली साधी पोरे जिंकतात याचा मला मनापासून आनंद होतो. सासूबाईंनी तर हनुमंत जिंकला त्या रात्री शेजाऱ्यांना साखर वाटली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या घरात पोराला गाण्यासाठी नव्हे, भोळेपणासाठी मते मिळतात. कॅमेरा त्याच्या कपड्यांवर, त्याच्या इंग्रजी न येण्यावर, त्याच्या रडण्यावर असतो. सूरजवर २०२५ साली ‘झापुक झुपूक’ नावाचा सिनेमा निघाला, केदार शिंदेंचा. मते देणारी गर्दी तिकीटबारीवर काही फिरकली नाही. टीव्हीला माणूस हवा असतो, त्याचे म्हणणे नको असते.

आणि म्हणणे असेल तर? स्टॅनच्या गळ्यात माळ पडली त्या फेब्रुवारीनंतर दोनच महिन्यांनी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, महाराष्ट्रात रॅप करणाऱ्या दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने पन्नास खोक्यांच्या राजकारणावर गाणे केले, मुंबईच्या उमेश खाडेने ‘भोंगळी केली जनता’ म्हटले. साधी मराठी, साधे कपडे, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. ना साखळी, ना बूट. त्याच महिन्यात पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तलवार आणि दारूची बाटली ठेवून एक शिवराळ रॅप चित्रित झाला, त्यावरही गुन्हा नोंदला गेला. ही तिन्ही प्रकरणे एका माळेत ओवायची नसतात. विद्येच्या वास्तूत तलवार नाचवणे हा उथळपणा, त्याला कान उपटणे बरोबर. पण सरकारला बोल लावणारे गाणे हा शाहिरीचा जुना हक्क आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी तेच केले. आज अण्णा भाऊंचे पुतळे आहेत, टपाल तिकीट आहे. त्यांना हार घालायचा आणि राज मुंगासेला पोलीस ठाण्यात बोलवायचे, हे गणित मला सुटत नाही.

लांब कशाला जाऊ? माझ्या ओळखीच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. उन्हाळ्यातल्या वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात, हे आमच्याकडे पाचवीला पुजलेले. घड भरलेली झाडे एका रात्रीत जमिनीवर. एका शेतकऱ्याच्या मुलाने त्यावर रॅप लिहिला, घरच्या बोलीत. पंचनामा करायला आलेला माणूस चपलेला चिखल लागू नये म्हणून बांधावरूनच झाडे मोजतो, असा त्यातला प्रसंग. मी तो ऐकला. यमके काही ठिकाणी ओढून आणलेली होती, पण तो बांधावरचा माणूस डोळ्यांपुढे उभा राहत होता. कार्यक्रम समितीत मी त्याच्या बाजूने बोललो. उत्तरे दोन आली. एक, ‘बोली गावंढळ वाटेल.’ दोन, ‘पाहुणे सरकारी आहेत.’ तीन विरुद्ध एक मताने गाणे गळाले. त्याच संध्याकाळी त्याच मंचावर पाचवा क्रमांक होता एका सिनेमातल्या आयटम साँगचा, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे टाळ्या देत होते.

त्या मुलाने गाणे बागेतच उभे राहून मोबाइलवर रेकॉर्ड केले. आजूबाजूच्या गावांत ते फिरले. त्याच्या वडिलांना बाजारात लोक थांबवून विचारतात, ‘तुमचाच का तो?’ वडील आधी ‘नाही’ म्हणायचे, आता ‘हो’ म्हणतात.

असे काम मोठ्या प्रमाणात करणारेही आहेत, फक्त आपण त्यांना टीव्हीवर शोधतो म्हणून दिसत नाहीत. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटात एमसी मवाली मराठीतून गातो. याच गटातला गुजरातीतून गाणारा एमसी तोडफोड २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. २०१९ मध्ये या गटाने आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली लोकांच्या जमिनीवर गाणे केले. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने रॅप करते, आणि तिला कोणाच्या आई-बहिणीचा उद्धार करावा लागत नाही. स्टॅनची बाजू घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी तिचे नाव सांगतो. अर्धे जण ऐकतात, अर्धे म्हणतात, ‘सर, बीट थोडा कमी आहे.’ बीटच्या बाबतीत पोरांशी वाद घालू नये.

परंपरेला हात लावताना मात्र रॅपवाल्यांनी जरा पाहून पाऊल टाकावे. चंदन शेट्टीने २०२० साली ‘कोलुमंडे’ हे मले महदेश्वराच्या भक्तांचे लोकगीत रॅपमध्ये आणले. शरणी संकम्मेला व्हिडिओत भडक रूपात दाखवल्यावर भक्त संतापले. त्याला माफी मागून व्हिडिओ काढावा लागला. काही जण म्हणाले, लोकगीताला हातच लावायला नको होता. मी तसे म्हणणार नाही. लोकगीत पिढ्यान्‌पिढ्या बदलतच आले आहे. पण जी बाई लोकांच्या मनात सोसणारी, व्रतस्थ म्हणून उभी आहे, तिला सिनेमातल्या नाचणारीसारखे सजवले, तर गाणे कळलेच नाही असा अर्थ होतो. ठेका नवा घ्या, पण गोष्ट तरी आधी आजीला विचारून घ्या.

आमच्या घरात सध्या ते चालू आहे. चिरंजीव अकरावीत आहेत आणि त्यांना रॅप करायचा आहे. पहिल्या कडव्यात मराठी, दुसऱ्यात कन्नड, अशी योजना आहे. कन्नड त्याला समजते, बोलता अर्धेच येते, त्यामुळे तो वही घेऊन अज्जीजवळ बसतो. इतकी वर्षे तिने हाक मारली तर हिंदीत उत्तर द्यायचा. आता एका यमकासाठी चार चार शब्द विचारून घेतो. अज्जींच्या अटी कडक आहेत. आधी गणपतीला नमन पाहिजे. शेवटी गाणाऱ्याने आपले नाव आणि गाव घातले पाहिजे, गीगी पदात तसेच असते. नमनाला तो तयार नाही. नाव घालायला तयार आहे, कारण रॅपवालेही ते घालतात. गाव फोपनार सांगायचे की चिकोडी, यावर परवा जेवताना अर्धा तास वाद झाला, आणि आमटी निवाली.