फोल्डर उघडला की हवं तेच दिसावं

वसईतल्या गास-निर्मळच्या पट्ट्यात घरी कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चार असतील, तर त्यात काय काय साठतं ते सांगायला नको. पंधरा रुपये भरून उतरवलेला डिजिटल सातबारा, दादरच्या बाजारात पाठवलेल्या चाफ्याचा हिशेब, नाताळचे आणि लग्नाचे ढीगभर फोटो. फाइल हरवत नाही. ती शोधण्यातच वेळ जातो. विंडोजची दोन-तीन बटणं बदलली तरी बराच त्रास वाचतो.

सेटिंग कुठे असतं?

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'ऑप्शन्स' निवडा. विंडोज १० मध्ये तेच 'व्ह्यू' या टॅबखाली सापडतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण फोल्डर तिथेही तसेच उघडतात.

सुरुवातीला काय उघडावं?

'जनरल' टॅबमध्ये सगळ्यात वर 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' असं लिहिलेलं असतं. तिथे 'होम' असेल तर अलीकडे उघडलेल्या फाइली समोर येतात. 'धिस पीसी' केलं की थेट ड्राइव्ह दिसतात. घरात कॉम्प्युटर सामाईक असेल तर खालच्या 'प्रायव्हसी' भागातल्या खुणाही काढाव्यात. वडिलांनी सकाळी काय पाहिलं, हे मुलांना संध्याकाळी कळायचं कारण नाही.

एक क्लिक की दोन?

याच टॅबवर एका क्लिकने फाइल उघडण्याची सोय आहे. माउसवर झटपट दोनदा बोट दाबणं ज्यांना जमत नाही, अशा आजी-आजोबांसाठी ती जरूर चालू करावी. प्रत्येक फोल्डर वेगळ्या खिडकीत उघडण्याचा पर्याय मात्र बंदच राहू द्या. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये २००४ साली तशीच पद्धत आणली होती. लोक खिडक्यांच्या गर्दीने वैतागले आणि २०१० मध्ये ती मागे घेतली गेली.

यादी हवी की मोठी चित्रं?

खरी गोची इथे होते. आपण एक फोल्डर नीट लावतो: 'डिटेल्स' निवडतो, तारखेप्रमाणे क्रम देतो. मग 'ऑप्शन्स'मधल्या 'व्ह्यू' टॅबवर जाऊन 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबतो. तरीही फोटोंचा फोल्डर मोठ्या चित्रांतच उघडतो आणि वाटतं, बटण बिघडलं. बटण ठीक असतं. विंडोज फोल्डरांचे प्रकार पाडतं: सर्वसाधारण, कागदपत्रं, चित्रं, संगीत, व्हिडिओ. ते बटण फक्त आपण लावलेल्या फोल्डरच्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होतं. शिवाय फोल्डरात काय आहे ते पाहून प्रकार विंडोज स्वतःच ठरवतं. सातबाऱ्याचे मोबाइलवर काढलेले फोटो एका फोल्डरात टाकलेत, तर तो विंडोजच्या लेखी लग्नाच्या अल्बमच्याच रांगेत बसतो.

अशा वेळी त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'कस्टमाइझ' उघडा आणि प्रकार 'डॉक्युमेंट्स' करा. खालच्या चौकटीत खूण केली की आतले फोल्डरही तसेच होतात.

डाउनलोड्समधले 'टुडे', 'लास्ट वीक' असे गट नको असतील, तर मोकळ्या जागी उजवं क्लिक करून 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' निवडा. आणि सगळंच बिनसलं, तर 'व्ह्यू' टॅबवरच 'रीसेट फोल्डर्स' आहे. त्याने फक्त मांडणी मूळ पदावर येते. फाइलींना धक्का लागत नाही.